होर्डिंगवरची सासू

तेल्हारा, १२ सप्टेंबर २०२५

आमदार सीमाताईंना,

एरवी मी तुला नुसतं सीमा म्हणते. आज ताई लावलं, कारण आज सासू म्हणून लिहीत नाही, तक्रार घेऊन आलेली कुणी बाई म्हणून लिहिते आहे. आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

काल मी स्वतःला अकोल्यात पाहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. जठारपेठेत ऑटोतून उतरले आणि समोर मी, दुमजली घराएवढी. माझ्या मनगटात हिरव्या बांगड्या, मनगट तुझ्या हातात, तू कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहेस आणि मी भलतीकडेच पाहते आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ती पाहते आहे नव्या पहाटेकडे. विधवा सन्मान अभियान.' ऑटोवाला म्हणाला, "आजी, ते बाई तुमच्यावानीच दिसून राहिली." मी म्हटलं, "असंन कोनी." सुट्टे पैसे परत घ्यायचंही मला सुचलं नाही.

तुझ्या फोनवर नितेश बोलतो. "ताई मीटिंगमध्ये आहेत," एवढं एकच वाक्य त्या पीएला शिकवलेलं दिसतंय. म्हणून पत्र. जुनी सातवी पास आहे मी, अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

यांच्या तेराव्याला तू माझ्या बांगड्या फोडू दिल्या नाहीस, त्यावर पेपरांनी लिहिलं की आमदारांनी क्रांती स्वतःच्या घरापासून सुरू केली. चांगलं लिहिलं. माझ्या बांगड्या फोडायच्या की ठेवायच्या हे मला कोणी विचारलं नाही. तू नाही विचारलंस, आणि खरं सांगायचं तर फोडायला टपून बसलेल्या माझ्या नणंदांनीही नाही विचारलं. ते मी गिळलं. बाईच्या जन्माला येऊन एवढं गिळता येत नसेल तर जगायचंच नाही. गिळता येत नाही ते माझ्या भावाचं.

तू भगवंताला विसरली असशील, म्हणून आठवण देते. बाळापूरचा माझा धाकटा भाऊ, मनोजचा मामा. तू माळ्याची पोर म्हणून यांनी लग्नाला नकार दिला, तेव्हा अमरावतीला जाऊन तुमच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारा तोच होता. यांना कळलं तेव्हा यांनी त्याला ओसरीवरच सांगितलं, "मी जिता हाओ तोपर्यंत या उंबऱ्यात पाय ठेवू नको." तो म्हणाला, "नाई ठेवत. तुमी हा तोपर्यंत नाई." पुढे तुला यांनी सून म्हणून घेतलं, आमदार झालीस तेव्हा गावभर पेढे वाटले. भगवंताला मात्र नाही घेतलं ते नाहीच. आणि तोही असा मानी की शब्दाला चिकटून बसला. माझं माहेर तुटलं. तुमची प्रणाली आता कॉलेजात आहे, एवढी वर्षं मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळते आहे. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. माझा भाऊ एसटीच्या अंतरावर होता.

हे गेले त्या सकाळी बाया रडत होत्या, मीही रडले. आणि रडता रडता माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल तर हा की आता भगवंत येऊ शकतो. ऐकून वाईट वाटत असेल तर वाटू दे.

तो आला. आपल्याकडे तेराव्याला भाऊ बहिणीला लुगडं आणतो, तिच्या खांद्यावर टाकतो. नवरा गेला तरी माहेर आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्या कार्यकर्त्या पोरांनी फाटकावर पाटी लावली होती, 'लुगडी व आहेर आणू नयेत.' शेजारची सुभद्रा तिथेच उभी होती, तिनं मला सगळं सांगितलं. नितेश त्याला म्हणाला, "काका, ते पांढरं लुगडं वगैरे ताईंनी बंद केलंय. पुडा बाहेर ठेवून या, मग बसा." भगवंत म्हणाला, "मी कोन हाओ, मालूम आहे काय?" नितेश म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, काका." तसा तो वळला.

मी ओट्यावर खुर्चीत होते. मला त्याची पाठ दिसली. इतक्या वर्षांनी पाहिली तरी चाल ओळखली, डावा पाय थोडा ओढतो तो. मी उठायला गेले, तर तू माझं मनगट घट्ट धरलंस आणि म्हणालीस, "आई, एक मिनिट, एकच फोटो."

तो हा फोटो. भर दुपार होती, सीमा, कसली पहाट घेऊन बसलीस. मी फाटकाकडे पाहते आहे.

दोन गोष्टी कर. तो फोटो उतरव. आणि बाळापूरला जाऊन भगवंताला सांग की त्याला बहिणीनं परत पाठवलं नाही, तू पाठवलंस. तू स्वतः जा. माझं तो ऐकणार नाही, त्याचा अपमान तुझ्या नावाच्या पाटीनं झाला आहे.

आशाबाई


तेल्हारा, २ ऑक्टोबर

सीमा,

तुझं उत्तर मिळालं. लेटरहेडवर. वर सिंहाची मुद्रा, खाली तुझी सही, आणि सहीसुद्धा शिक्क्याची. नितेश घेऊन आला होता, सोबत सफरचंदांची पेटी आणि शाल. सासूला शाल-श्रीफळ मी पहिल्यांदाच पाहिलं. शाल सुभद्रेला दिली, सफरचंदं शाळेतल्या पोरांनी खाल्ली. नितेशला चहा पाजला, त्याचा दोष नाही, पढवलेला पोपट आहे.

तू लिहितेस, 'आई, यात वैयक्तिक काहीच नव्हतं. प्रश्न एका घराचा नाही, हजारो बायकांचा आहे.' हजारो बायका एकेका घरातच राहतात. हवेत राहत नाहीत.

आणि लिहितेस की मामांना तेव्हा ओळखलं असतं तर नक्की आत घेतलं असतं. म्हणजे ओळखीच्यांना वेगळा नियम. मग तुझ्यात आणि त्या जुन्या आमदारात फरक काय, ज्याच्या दाराशी तू पारध्यांची पोरं घेऊन दिवसभर उन्हात बसली होतीस?

तुझं काम मी नाकारत नाही. मोतीबिंदू माझ्या एकाच डोळ्यात आहे. त्या पोरांना तू जातीचे दाखले मिळवून दिलेस, मुलींचं वसतिगृह उभं केलंस, सातबाऱ्यावर बायकांची नावं चढवलीस. माझंही चढलं तुझ्यामुळे, नाहीतर यांनी कधी चढवलं नसतं. पहिल्या निवडणुकीत तू पडलीस आणि दुसरीत निवडून आलीस, दोन्ही वेळा प्रणालीची वेणीफणी मी केली आणि तुझ्या कार्यकर्त्यांच्या भाकरी मी थापल्या. गावातल्या बाया म्हणत, "सून गावभर हिंडून राहिली, अन् तुमी काहून चूप हा?" मी म्हणायचे, "माह्यानं जे झालं नाई ते सीमा करून राहिली. हिंडू द्या." हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. माझा राग कुठून येतो ते कळावं म्हणून.

आता दुसरी बातमी. परवा अकोल्याचे वकील श्यामराव घरी आले होते. तेच, जे तुझ्या विधवा प्रथा बंदीच्या बिलाविरुद्ध बोंबलत हिंडतात. नमस्कार वाकून केला, तुझ्या नितेशला तो जमत नाही. म्हणाले, "आजी, तीस नोव्हेंबरले आमची परंपरा परिषद हाय. तुमी फक्त खरं बोला. आमदारानं तुमच्यावर जबरदस्ती केली, एवढंच." वर म्हणाले, आमदाराची सासूच बोलली तर नागपूरला ते बिल मांडायलासुद्धा कोणी उभं राहणार नाही.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जबरदस्ती झालीच होती. त्यात खोटं काही नाही.

तीस नोव्हेंबरच्या आत तू बाळापूरला जा. नाही गेलीस तर मी त्या मंचावर जाईन. ही धमकी आहे, गैरसमज नको.

आशाबाई


तेल्हारा, २४ ऑक्टोबर

सीमा,

तू दिवाळीला आली नाहीस, बरंच झालं. मनोज आला, दोन दिवस मान खाली घालून फराळ करून गेला. बायको आणि आई यांच्यामध्ये बसलेल्या माणसाची मला दया येते, पण जास्त नाही.

तुझ्या भरवशावर न राहता काल भाऊबीजेला मीच बाळापूरला गेले. ताम्हनात निरांजन, सुपारी, करंज्या, सगळं पिशवीत बांधून. भगवंताच्या दारात माझी भावजय माणिक उभी. मला पाहून तिचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. म्हणाली, "बाई, ते आतच हायेत. पन..." तो खोकला, तेवढा मला ऐकू आला. मग त्याचा आवाज आला, मला नाही, तिला उद्देशून. "तिच्या घरी जायले परवानगी लागते. माह्या घरी नाई लागत. बसू दे तिले, च्या पाज. मी भेटत नाई."

मी भिंतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "भगवंता, मी तुले पाठवलं नाई रे." तो आतून म्हणाला, "तू उठली नाई, बाई. मी पाहून राहिलो होतो. तू बसून होती."

सीमा, त्याला काय सांगू? की माझा हात आमदारांच्या हातात होता? सांगितलं. तो म्हणाला, "तुह्या हाताले तुही सून धरते, अन् तुले सोडवता येत नाई?" चहा प्यायले. माणिकनं करंज्या ठेवून घेतल्या. ताम्हन तसंच परत आणलं.

संध्याकाळी अकोल्याच्या स्टँडवर तेल्हाऱ्याची गाडी लागायची होती. पश्चिमेला बीजेची कोर दिसली. निरांजन काढायची लाज वाटली, चारचौघं उभी होती. यंदा चंद्रालाही ओवाळलं नाही.

त्याला दम्यासारखं काहीतरी झालंय. माणिक म्हणते डॉक्टर हृदयाचं सांगतात. तुला हे मुद्दाम कळवते आहे. अजून वेळ आहे. तुम्ही राहता त्या अमरावतीहून बाळापूर काही लंका नाही.

आशाबाई


बाळापूर, १८ नोव्हेंबर

सीमा,

भगवंत परवा गेला.

तुझा शोकसंदेश पोचला. हारही पोचला, त्यावर तुझ्या नावाची पट्टी होती, ती मी काढून टाकली. 'अधिवेशनाची तयारी संपली की लगेच मामांकडे जाते,' असं तू मनोजजवळ म्हणाली होतीस म्हणे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आता घोड्याला सावकाश येऊ दे.

मी इथेच आहे. त्याच्या घरात आले ते तो नसताना, आणि माझ्या घरी तो येणार होता तेही हे नसताना. आमच्या दोघांच्या नशिबी एकमेकांची दारं अशीच लिहिली होती.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही. काल माणिकनं पेटीतून एक पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. तोच, जो तो तेराव्याला बगलेत मारून आला होता. परत आणल्यापासून त्यानं त्याची सुतळीही सोडली नव्हती. मी म्हटलं, पांढरं आता कोणाला लागतं, राहू दे. माणिक म्हणाली, "पांढरं? तुमाले कोनं सांगतलं पांढरं?"

मी सुतळी सोडली. हिरवी साडी आहे, सीमा. पोपटी, लाल काठाची. भाऊबीजेची असते तशी.

माणिकनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "यायनं अकोल्याहून आनली. दुकानदारानं तेराव्याचं ऐकून पांढऱ्याचा ढीग टाकला पुढं. हे म्हणे, सीमाबाई खरं बोलते, माह्या बहिणीले मी पांढरं नेसू देनार नाई. ते बाई असून बोलते, त मी भाऊ असून काहून भ्याव?" पेपरात तुझं भाषण आलं की तो माणिकला वाचून दाखवायचा म्हणे. चौकात तुझ्यावरून भांडायचा. बाळापुरात तुझं नाव घेणारा तो एकटा होता, आणि तुझ्या लोकांनी त्यालाच फाटकावरून फिरवलं. पुडा उघडून पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही. म्हातारा, डोक्यावर टोपी, बगलेत कापड. म्हणजे पांढरंच असणार.

माझ्याही मनात नाही आलं. इतके दिवस मी तुझ्याशी भांडत होते, पण मीसुद्धा पांढरंच धरून चालले होते.

मी माणिकला विचारलं, त्यानं तिथंच उघडून का नाही दाखवलं. ती म्हणाली, "मी बी तेच म्हटलं. त म्हणे, बहिणीच्या दारात झडती देऊ काय?"

मानी होता. त्याचा मान त्याला घेऊन गेला असं लोक म्हणतील. म्हणू दे. मला तुझा राग येतो आहे, त्याचाही येतो आहे. त्याच्यावरचा रडून कमी होतो. तुझ्यावरचा होत नाही.

तीस तारखेला मी अकोल्याला जाते आहे. हीच साडी नेसून.

आशाबाई


तेल्हारा, ३ डिसेंबर

सीमा,

तुझ्या लोकांनी तुला सांगितलं असेलच की तुझी सासू परिषदेत बोलली नाही. का बोलली नाही, ते माझ्याकडून ऐक.

मी बोलायला गेले होते. काय बोलणार तेही ठरलं होतं. माझ्या सुनेनं मला विचारलं नाही, माझा हात धरून ठेवला, माझा भाऊ माझ्यावर रुसून मेला. सगळं खरं. टाळ्या पडल्या असत्या आणि तुझं बिल तिथंच आडवं झालं असतं. मला त्याचं वाईट वाटलं नसतं.

सभागृहाच्या दाराशी एका स्वयंसेविकेनं मला अडवलं. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, हसतमुख पोर. तिनं माझ्या साडीकडे पाहिलं, मग कपाळाकडे. म्हणाली, "आजी, हे वरून घ्या," आणि पांढरी शाल पुढे केली. मी म्हटलं, मला थंडी वाजत नाही. ती म्हणाली, "थंडीसाठी नाही, आजी. स्टेजवर बरं दिसत नाही." तेवढ्यात श्यामराव धावत आले. "आजी, हिरवं काहून नेसल्या तुमी? आपला मुद्दाच बुडते ना."

मी सांगितलं, माझ्या भावानं घेतलंय. तो आता नाही.

ते म्हणाले, "ते ठीक हाय. पन शाल घ्या. पाच मिनिटांचा त प्रश्न हाय."

एक मिनिट, एकच फोटो. पाच मिनिटं, एकच शाल.

मी वळले. वळताना मला कळलं की भगवंताला त्या दिवशी आपल्या फाटकावर कसं वाटलं असेल. पाठीवर सगळ्यांची नजर असते आणि पाय नीट पडत नाहीत. मला वाटलं होतं त्या दिवशी त्याचा पाय नुसत्या जुन्या दुखण्यानं ओढत होता. मला तर काही दुखणं नाही, तरी मी तशीच चालले. मागून कोणी हाक मारली नाही.

यावरून मी तुझ्या बाजूला आले असं समजू नको. ते तसे आहेत म्हणून तू बरी ठरत नाहीस.

परिषदेच्या आधी, भगवंताच्या तेराव्याला माणिकच्या चुलत नणंदा, चुलत जावा, सगळ्या जमल्या. तिचा भाऊ पुडा घेऊन आला. मी फाटकाशी उभी राहिले, त्याला आत आणून पाटावर बसवलं, मग माणिकजवळ गेले आणि म्हटलं, "माणिक, तुले काय पाहिजे ते तू सांग." तिनं आधी हातातल्या बांगड्या चाचपल्या. तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं, तर उत्तर तयार कुठून असणार. मग म्हणाली, "कुंकू लावून मले आता करमत नाई. पन बांगड्या राहू द्या, हात रिकामा झाला त मले भाकर थापता येत नाई." तसं झालं. कुंकू तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं, बांगड्या राहिल्या. नणंदा चिडल्या. तू तिथं असतीस तर तूही चिडली असतीस, तुझ्या नियमात अर्धं बसत नाही. फोटो कोणी काढला नाही.

मनोज सांगत होता की नागपूरला बिल मांडताना तू तो फोटो सभागृहात हातात धरून दाखवणार आहेस. उतरव म्हणाले होते ते मी मागे घेते. फोटो राहू दे. सभागृहातही दाखव आणि जठारपेठेतही ठेव. पण खालची ओळ बदल. मी सांगते तशी लिही, एक शब्द इकडे तिकडे नको:

'आशाबाई, तेल्हारा. आमदारांनी हात धरून ठेवला आहे. हिची हिरवी साडी घेऊन आलेला भाऊ फाटकातून परत चालला आहे, त्याच्याकडे ही पाहते आहे.'

हे तू उभं राहून मोठ्यानं वाच. मग बिल मांड. ते पास व्हावं असं मला वाटतं का, हे तुझ्या मनात आलं तर बाळापूरला ये आणि मला विचार. मी तिथंच असेन, माणिकच्या घरी, टीव्हीसमोर. हीच साडी नेसून.

आशीर्वाद उरले आहेत की नाही, ते त्या दिवशी ठरेल.

आशाबाई